चेहरा दिसला पाहिजे

आपल्या समाजातील कोणत्याही घरात जा. समोरच्या भिंतीवर तथागतांची प्रतिमा असते, शेजारी बाबासाहेब असतात, बहुतेक घरी माता रमाईही असतात. बाजूच्या भिंतीवर त्या घरातून गेलेल्या माणसांचे फोटो असतात. आजोबा, आजी, एखाद्या घरी अकाली गेलेला मुलगा. या घरच्या फोटोंकडे जवळ जाऊन नीट पाहावे. पुष्कळदा तो चेहरा कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला असतो. खांद्यावर दुसऱ्याच कोणाचा तरी हात राहिलेला असतो. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके आणि नाक-ओठ एकमेकांत मिसळलेले. आजी कशी दिसत होती, असे नातवाने विचारले तर त्या फोटोवरून सांगता येत नाही.

पूर्वी याला कारण होते. ॲग्फा क्लिक-३ सारखा साधा डबा-कॅमेराही सगळ्या वस्तीत एखाद्याकडेच असे. एका रोलात बारा फोटो. रोल विकत आणायचा, तो संपेपर्यंत महिनोन् महिने थांबायचे, मग धुवायला शहरात पाठवायचा. रोजमजुरी करणाऱ्याच्या घरात यासाठी पैसा कुठून येणार? आज ते कारण उरलेले नाही. घरोघरी मोबाईल आहे आणि मोबाईलमध्ये कॅमेरा आहे. तरीही माणूस गेला आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा झाला की त्या दुःखात घरची पोरे रात्रभर मोबाईल चाळत बसतात. फोटो दोन-तीन हजार असतात. त्यात जेवणाची ताटे असतात, मिरवणुकीतला डीजे असतो, मित्रांचे चाळे असतात. आईचा एकही धड फोटो सापडत नाही.

फोटो भरपूर निघतात, पण काढलेला फोटो चार माणसांत बसून कोणी पाहत नाही, हे याचे मूळ आहे. फोटो पाठवला की लगेच खाली अंगठा येतो, फूल येते, "छान", "मस्त", "लय भारी". काढणाऱ्याला वाटते झाले! चूक काय झाली, उजेड कुठून हवा होता, कोण कापला गेला, हे त्याला कोणी सांगत नाही आणि पुढचा फोटोही तसाच निघतो.

पवनारला आम्ही काय करतो

पवनार हे गाव वर्ध्याहून नागपूरकडे जाताना धाम नदीच्या काठी आहे. विनोबा भावे १९३८ साली येथे राहायला आले आणि १९५९ साली नदीकाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. गाव त्याहून कितीतरी जुने आहे. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजेच पवनार, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले होते. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने येथे उत्खननही केले. त्यामुळे गळ्यात मोठे कॅमेरे अडकवलेली माणसे आमच्या गावाला नवी नाहीत. ती नदीचे फोटो काढतात, पात्रातल्या खडकांचे काढतात, आश्रमातल्या प्राचीन शिल्पांचे काढतात. सूर्यास्ताचे तर विचारूच नका! वस्तीकडे वळणारा कॅमेरा मात्र विरळा. त्यांना दोष देत नाही. ज्याने त्याने आपल्या जिव्हाळ्याचे पाहावे. आपल्या जिव्हाळ्याचे आपण पाहिले पाहिजे एवढेच.

म्हणून पौर्णिमेची वंदना आटोपली की आम्ही काही जण विहाराच्या ओट्यावर बसतो. कॉलेजची मुले-मुली असतात, दोन-तीन गृहिणी असतात, काही आमच्यासारखे चाळिशी ओलांडलेले. ही संघटना नाही. तिला नाव नाही, वर्गणी नाही आणि अध्यक्ष तर नाहीच नाही, म्हणून भांडणही नाही. प्रत्येकाने त्या महिन्यात काढलेले दोन फोटो पोस्टकार्डाएवढ्या कागदावर छापून आणायचे, एवढाच नियम. कागदावर का? मोबाईलवर पाहणारा अंगठा थांबत नाही. कागद हातातून हातात जातो, उन्हात धरता येतो, ज्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही त्यांना जवळ नेता येतो.

दुसरी अट अशी की 'छान' हा शब्द वापरायचा नाही. पाहणाऱ्याने आधी काय दिसते ते सांगायचे, मग काय खटकते ते, आणि शक्य असेल तर उपाय. फोटो काढणाऱ्याने तोवर गप्प राहायचे. हे सर्वांत अवघड जाते. "त्या वेळी गर्दी फार होती", "मला मागून धक्का लागला" अशी कैफियत लगेच सुरू होते. पण भिंतीवर लागलेल्या फोटोजवळ काढणारा कैफियत द्यायला उभा नसतो.

फोटोतले ज्ञान फोटोग्राफरलाच असते असे आपण समजतो, तेही खरे नाही. आमच्यात एक गवंडीकाम करणारे बंधू आहेत. कॅमेऱ्याचे बटण त्यांनी कधी दाबलेले नाही. पण फोटो हातात येताच ते म्हणतात, "भाऊ, भिंत पडून राह्यली ना!" पाहावे तर खरेच, पंचशील ध्वजाचा खांब एका अंगाला कललेला, नदीचे पाणी एका बाजूने सांडते आहे असे वाटणारे. ज्याने आयुष्यभर ओळंबा आणि पाणसळ धरली, त्याच्या डोळ्याला तिरपे सहन होत नाही. शिवणकाम करणाऱ्या एक ताई आहेत, त्यांना काप चटकन कळतो. माणूस गुडघ्यावर, मनगटावर किंवा मानेवर कापला तर तो फोटोत तुटका दिसतो. कापायचाच तर कमरेवर किंवा छातीवर कापावा, हे आम्हाला कोणत्या पुस्तकाने नव्हे, त्या ताईंनी सांगितले.

एका मुलीने कापूस वेचणाऱ्या बायांचा फोटो आणला होता. दुपारचे ऊन, पांढरे फुटलेले शेत आणि त्यात वाकलेली तिची मावशी. सगळ्यांना आवडला. ती मावशी स्वतःच तेथे बसलेली होती. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "कापूस काऊन मळकट दिसते? अन् माह्या तोंडाचं काय झालं बाप्पा?" कापूस राखेच्या रंगाचा झाला होता आणि मावशीचा चेहरा काळा ठिक्कर. त्या दिवशी आमची सर्व बैठक या एका प्रश्नावर गेली. या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजातल्या प्रत्येक फोटो काढणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

कॅमेऱ्याची सरासरी

फोटोत किती उजेड घ्यायचा, हे आजचे कॅमेरे आपोआप ठरवतात. यालाच एक्सपोजर म्हणतात. समोर काय आहे हे जुन्या मोजयंत्राला कळत नसे. ते समोरच्या सगळ्या उजेडाची सरासरी काढी आणि ती सरासरी मध्यम राखाडी रंगाची, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या वस्तूसारखी असावी, असे धरून चाले. आजचे मोबाईल चेहरा ओळखतात, बरीच दुरुस्ती स्वतः करतात. पण मुळातला हिशोब फारसा बदललेला नाही.

मी बी.कॉम. शिकताना सरासरीचे गणित केले आहे. एकाजवळ एक लाख रुपये आणि नऊ जणांजवळ शून्य, तर दहा जणांची सरासरी दहा हजार. कागदावर सगळे सुखी! कॅमेऱ्याचेही असेच होते. शेतभर पांढरा कापूस आहे आणि त्यात एक सावळा चेहरा आहे. यंत्र म्हणते, उजेड फार झाला, कमी करा. तो कमी होताच कापूस मळकट होतो आणि आधीच कमी उजेड मिळालेला चेहरा पार बुडून जातो.

आता आपल्या समाजाचे सोहळे डोळ्यांसमोर आणा. मंगल परिणयात वधू-वर शुभ्र वस्त्रात. वर्षावासाच्या कार्यक्रमात पांढऱ्या साड्या नेसलेल्या उपासिकांच्या रांगा. दीक्षाभूमीवर स्तूपाचा तो पांढराशुभ्र घुमट, ज्याचे लोकार्पण १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले, आणि त्याच्या मागे लख्ख आकाश. अशा ठिकाणी कुटुंबाला उभे करून बटण दाबले की घुमट छान येतो आणि माणसांच्या नुसत्या सावल्या येतात. अशोक विजयादशमीला नागपूरला जाऊन आलेल्या शंभर कुटुंबांचे फोटो पाहिले तर त्यात हा दोष पन्नासांत तरी असेल, असा माझा अंदाज आहे.

उपाय सोपा आहे. मोबाईलच्या पडद्यावर आधी चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक मोबाईलवर तेथे एक चौकोन आणि सूर्याचे चिन्ह उमटते. ते चिन्ह वर सरकवले की फोटो उजळतो, खाली सरकवले की काळवंडतो. चेहऱ्यावरचे डोळे, भुवया, सुरकुत्या दिसू लागेपर्यंत वर सरकवा. ज्यांच्याजवळ मोठा कॅमेरा आहे त्यांनी अधिक एक करावे. फोटोच्या भाषेत याला एक स्टॉप म्हणतात, म्हणजे उजेड दुप्पट.

पण येथे दुसरा प्रश्न उभा राहतो. चेहऱ्यासाठी उजेड वाढवला की पांढरी साडी जळते, तिची किनार आणि घड्या नाहीशा होऊन पांढरा गोळा दिसतो. ऊन आणि सावली यांत अंतर इतके असते की कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाहीत. म्हणून खरा उपाय बोटाचा नाही, पायाचा आहे. माणसाला उन्हातून हलवा. कडुनिंबाच्या सावलीच्या कडेला उभे करा, तोंड मोकळ्या आकाशाकडे. किंवा घराच्या दारात आतल्या बाजूने दोन पावलांवर बसवा, म्हणजे दाराचा उजेड तोंडावर येतो आणि मागे घरातला अंधार राहतो. दारातला हा उजेड फुकटचा स्टुडिओ आहे. एका बाजूचा गाल फारच अंधारात गेला तर त्या बाजूला एखाद्याने पांढरी चादर धरून उभे राहावे. चादरीवरून परतलेला उजेड गालावर पडतो. उसळत्या उन्हात, भर बारा वाजता, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत फोटो काढायचाच असेल तर निदान टोपी किंवा पदर मागे घ्यायला सांगावे, नाहीतर डोळे दिसणार नाहीत.

दोष कातडीचा नाही

"आमचा रंगच काळा, फोटो काळाच येणार," असे आपल्या आया-बहिणी सहज बोलून जातात. हा समज मुळापासून काढला पाहिजे. दोष कातडीचा नसून मोजमापाचा आहे आणि त्याचा इतिहास आहे.

रंगीत फिल्मच्या जमान्यात कोडॅक कंपनी छपाईचे रंग बरोबर आहेत की नाही हे तपासण्यासाठी प्रयोगशाळांना एक नमुना-फोटो देत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर एक गोरी स्त्री असे. तिचा रंग बरोबर आला की यंत्र बरोबर, असा हिशोब. मग ज्यांचा रंग तिच्यासारखा नाही त्यांनी काय करायचे? एकाच फोटोत गोरी आणि काळी मुले बसली तर काळ्या मुलांचे डोळे आणि दातच तेवढे दिसत, अशा तक्रारी अमेरिकेत पालक करीत. कॅनडातील संशोधक लोर्ना रॉथ यांनी याचा अभ्यास केला. सावळ्या आणि तपकिरी छटा फिल्मवर नीट याव्यात म्हणून जी सुधारणा झाली, तिच्यामागे लाकडी सामान आणि चॉकलेट बनवणाऱ्या कंपन्यांच्या तक्रारींचा मोठा वाटा होता, असे कोडॅकमधल्या जुन्या लोकांनीच त्यांना सांगितले. गडद आणि फिक्या लाकडातला फरक जाहिरातीत दिसत नाही, म्हणून! माणसांची तक्रार पडून राहिली आणि खुर्चीची ऐकली गेली.

आपल्याकडे यंत्राच्या पुढे एक पाऊल माणसाने टाकले. मुलीला स्थळ पाहायचे म्हणून स्टुडिओत फोटो काढला की "टचिंग करून देतो" असे सांगितले जाई. त्या मुलीचा रंग दोन छटा उडवून, नाकाखालची सावली पुसून कोणी दुसरीच मुलगी हातात ठेवत. आज हे काम मोबाईलच करतो. 'ब्युटी'चे बटण अनेक मोबाईलमध्ये आधीपासून चालू असते आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो. पाहायला येणारे फोटोतल्या मुलीला पाहायला येतात आणि दारात दुसरीच उभी असते. त्या मुलीला त्या क्षणी काय वाटत असेल? माझे स्पष्ट मत आहे की आपल्या मुलींचे फोटो काढताना हे बटण बंद करावे. चेहरा उजळणे आणि चेहरा गोरा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उजळणे म्हणजे आहे तो रंग आणि त्यातली चमक दिसेल इतका उजेड देणे.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना कळत होती. अजिंठ्याच्या लेण्यांत सावळ्या आणि गडद वर्णाच्या व्यक्ती चित्रकारांनी कशा रंगवल्या आहेत ते पुढच्या सहलीत आवर्जून पाहावे. रंग बदललेला नाही, पण नाकाच्या दांडीवर, ओठावर, हनुवटीवर उजेडाचा बारीक स्पर्श ठेवलेला आहे आणि त्याने तो चेहरा अंधारातून पुढे येतो. (तेथे फ्लॅश मारू नये. मनाई आहे आणि ती योग्य आहे.)

दर रविवारी भांडणारी मंडळी

फोटो एकमेकांना दाखवून चर्चा करण्याची रीत आम्ही शोधून काढलेली नाही. मुंबईत १८५४ सालीच 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली होती. साहेब लोक आणि काही मोजके सुशिक्षित भारतीय तिचे सभासद होते. हौशी फोटोग्राफरांच्या संस्था पुढेही निघत राहिल्या. त्या काळात कॅमेऱ्यामागे कोण आणि कॅमेऱ्यापुढे कोण, हे ठरलेलेच होते. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचे फोटोंचे पुस्तक काढले. त्यात माणसे आहेत, पण बहुतेक फोटोंखाली जात-जमातीचे नाव आहे, त्या माणसाचे नाव नाही. संग्रहालयात फुलपाखरू टाचून खाली चिठ्ठी लावावी तसे.

आपल्याला अधिक जवळची वाटावी अशी मंडळी अमेरिकेत झाली. महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्याच दास्यातून पळून सुटलेले आणि मुक्तीच्या लढ्याचे पुढारी झालेले फ्रेडरिक डग्लस फोटोचे महत्त्व पुरेपूर ओळखून होते. एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक फोटो निघालेल्या अमेरिकन माणसांत त्यांची गणना होते; दीडशेहून अधिक फोटो आज ज्ञात आहेत. काळ्या माणसाची व्यंगचित्रे छापली जात होती त्या काळात ते नीटनेटक्या कोटात, गंभीर चेहऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहत बसत. पुढे डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात काळ्या समाजाचे शेकडो फोटो मांडले. घरे, शाळा, दुकाने, ताठ बसलेले तरुण, पियानोजवळच्या मुली. याच डू बॉइस यांच्याशी १९४६ साली बाबासाहेबांचा पत्रव्यवहार झाला होता.

१९६३ साली न्यूयॉर्कमध्ये काही काळ्या फोटोग्राफरांनी 'कामोइंगे वर्कशॉप' सुरू केले. हा शब्द आफ्रिकेतल्या किकुयू भाषेतला. अर्थ असा की एकत्र येऊन काम करणारी माणसे. ते रविवारी हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत जमत, आपापले फोटो मांडत आणि एकमेकांच्या फोटोंची चिरफाड करत. ती चर्चा कडक असे. त्यांचे पहिले संचालक रॉय डेकारावा. त्यांचे फोटो पाहिले तर पहिल्यांदा वाटते की हे काळेच आले आहेत! थोडा वेळ पाहिले की त्या काळ्यातही अनेक छटा दिसू लागतात, त्यात गाल दिसतो, बोटे दिसतात, थकलेल्या माणसाचा खांदा दिसतो. त्यांनी अंधार घालवला नाही, अंधारातला चेहरा मात्र हरवू दिला नाही. म्हणून आमच्या बैठकीत 'जास्त उजळ म्हणजे चांगला' हा नियम आम्ही करत नाही. दिसला पाहिजे, एवढेच म्हणतो.

आपल्या विदर्भाचे उदाहरण द्यायचे तर अकोल्याचे सुधारक ओलवे. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांनी काढलेले फोटो जगभर पाहिले गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गटारात उतरणारा माणूस त्या फोटोंत किळस येईल असा दिसत नाही, माणूसच दिसतो. कॅमेरा किती महागाचा होता यापेक्षा काढणारा किती जवळ आणि कोणत्या नात्याने उभा होता, याचा हा फरक आहे.

बोलायचे कसे

आता चर्चा करायची म्हणजे दुसऱ्याचे मन दुखावण्याचा धोका आलाच. आमच्याकडेही एक तरुण दोन पौर्णिमा आला नाही. त्याच्या फोटोला कोणीतरी हसले होते. तेव्हापासून आम्ही भंतेजींनी सांगितलेली एक गोष्ट पाळतो. अंगुत्तर निकायात चांगल्या बोलण्याची पाच अंगे सांगितली आहेत. बोलणे योग्य वेळी असावे, खरे असावे, मृदू असावे, हिताचे असावे आणि मैत्रीच्या मनाने असावे. फोटोबद्दल बोलताना ही पाचही अंगे लागू पडतात. "खोटे छान" हे मृदू आहे पण खरे नाही. "तुला काही येत नाही" हे एखाद्या दिवशी खरेही असेल, पण त्यात हित नाही. "डोक्यातून खांब निघाला आहे, एक पाऊल डावीकडे सरकला असतास तर वाचला असता," हे खरेही आहे आणि उपयोगाचेही. आणि वेळ! मयताच्या घरी लावलेल्या फोटोतली चूक त्या दिवशी काढू नये, हे सांगायला नको, पण काढणारे मी पाहिले आहेत.

चौकटीत काय घ्यायचे यावर आमचे वाद जास्त होतात. आपल्या कार्यक्रमांचे फोटो पाहा. हार घालणारे, हार घेणारे, दिवा लावणारे, माईकसमोरचे. बोलणाऱ्याच्या तोंडावर माईक आणि मागे बाबासाहेबांची प्रतिमा अर्धी कापलेली, हा फोटो तर मी हजार वेळा पाहिला असेन. खिचडीचा गंज ढवळणाऱ्या बायांचा फोटो नसतो. मंडप बांधणारा नसतो. समता सैनिक दलाच्या पोरांना उन्हात चार तास उभे ठेवून शेवटी त्यांचा फोटो काढायचे राहून जाते. कोणी म्हणेल यात फोटोकलेचा काय संबंध? चौकटीच्या मध्यभागी कोण आणि कडेला कोण, कोण बाहेर, हाच तर रचनेचा प्रश्न आहे. १९३४ साली राजगृहात काढलेला बाबासाहेबांच्या कुटुंबाचा फोटो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यात माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, घरची इतर माणसे आहेत, पायाशी कुत्रासुद्धा आहे. पुढच्या वर्षी, २७ मे १९३५ रोजी, रमाई गेल्या. त्यांचे मोजकेच फोटो उरले आहेत. त्या दिवशी घरच्या सगळ्यांनी एकत्र बसावे असे कोणाला तरी वाटले, म्हणून त्यांचा चेहरा आपल्याजवळ आहे. ७ डिसेंबर १९५६ च्या अंत्ययात्रेचे चलचित्रण नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले, म्हणून तो जनसागर आजच्या पोरांना दिसतो.

फोटो चांगला आला की काम संपत नाही. मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तारीख लिहावी. बॉलपेनने नको; त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई दुसऱ्या फोटोला लागते. चिकट पानांचे आल्बम बाजारात मिळतात. त्यात फोटो कायमचे चिकटून खराब होतात, त्यापेक्षा साध्या कागदी पाकिटात ठेवलेले बरे. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन जातो. मोठा छापायचा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. आणि मोबाईल हरवतो, बिघडतो, विकला जातो. वर्षातून दहा फोटो तरी कागदावर छापून ठेवावेत.

नाव लिहिण्याबद्दल आमचा आग्रह विशेष आहे. ज्या समाजाचे फोटो जातीच्या नावाखाली छापले गेले, त्याने आपल्या आजीच्या फोटोमागे 'आजी' एवढेच लिहून ठेवावे, हे बरे नाही. तिचे पूर्ण नाव लिहावे, माहेरचे गावही लिहावे.

येत्या पौर्णिमेपासून आम्ही एक काम हाती घेतले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जे दहा वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या घरात आहेत. आई-बापाचा हात धरून त्या दिवशी नागपूरला गेलेली जी माणसे आसपासच्या गावांत आहेत, त्यांच्या घरी जाऊन फोटो काढायचे आहेत. यादीत सध्या सात नावे आहेत, त्यांतल्या चार आज्या. एकीला डोळ्यांनी कमी दिसते, तिला उजेड सोसत नाही, म्हणून तिला दाराकडे तोंड करून नव्हे, दार डाव्या हाताला ठेवून बसवायचे ठरले आहे. तिचे दार पूर्वेचे आहे, तेव्हा सकाळी दहानंतर, ऊन आत येणे थांबल्यावर जायचे. शिवणकाम करणाऱ्या ताई पांढरी चादर आणणार आहेत. गवंडी बंधूंनी खुर्ची सरळ आहे की नाही ते पाहायचे काम स्वतःहून घेतले आहे.